लाल वर, पिवळी खाली

बाई, मला सध्या एका माणसाची गरज आहे. काम म्हणाल तर काहीच नाही, फक्त बघायचं आहे. दहा-बारा फुटांवर बसून फिरणाऱ्या पात्यांच्या कडेवर नजर ठेवायची आणि एक रेघ दिसते की दोन, एवढं सांगायचं. देऊळगाव राजात रस्त्यावर कोणी नुसता खड्डा खणायला घेतला तरी बघायला गर्दी जमते, आणि त्याच गावात मला बघायला एक माणूस मिळत नाही, हे ऐकून तुम्ही हसला असता. म्हणूनच तुम्हाला सांगते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापाशी काहीही बोललं तरी चालेल असं वाटतं.

गेल्या वर्षी दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो एक हेलिकॉप्टर घेऊन. त्याला खेळणं म्हणवत नाही. एकेक पातं माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, आणि फिरताना त्यात बोट गेलं तर बोट परत मिळायचं नाही. हातात एक डबा धरायचा, त्याच्यावरच्या दोन दांड्या अंगठ्यांनी हलवायच्या, की तार नाही, दोरी नाही आणि ते आपलं उडतं. भाच्याच्या हातून ते पहिल्याच संध्याकाळी कडुनिंबात शिरलं, तिथून खाली ओट्यावर आपटलं, आणि जाताना तो म्हणाला, "मावशी, भंगारात देऊन टाक." आता माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. मोडकी वस्तू आणि तिच्याशेजारी पेचकस दिसला की माझा हात आपोआप पुढे होतो. लग्न केलं नाही, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला, बहीण गेली, आणि घरात बोलतो तो फक्त रेडिओ. सकाळ कशीबशी सरते, दुपारला मात्र मी भिते. त्या दिवशी ते मोडकं धूड मी टेबलावर मांडलं आणि दुपारची तात्पुरती सोय झाली.

तुटलेले भाग पार्सलने मागवले. पण हे यंत्र नुसतं जोडून उडत नाही, ते नीट लावावं लागतं. दोन्ही पात्यांचा कल सारखा हवा, वजन सारखं हवं, आणि पात्यांच्या खाली एक चकती असते ती अगदी सपाट हवी. या कामाची चकचकीत हत्यारं विकत मिळतात म्हणे. भाच्याने फोनवर त्यांची नावं सांगितली, मी हो हो म्हणाले आणि फोन ठेवल्यावर विसरून गेले. कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या मधल्या भोकातून दोरा ओवून खाली शिशाचा मणी बांधला. तो वाळत घालायच्या कपड्यांच्या चिमट्याने पात्याला लावला की लोंबता दोरा कल सांगतो. बॉलपेनच्या रिकाम्या कांडीचे तीन सारखे तुकडे कापून चकतीखाली टेकू दिले. स्टीलचे दोन पेले पालथे घालून त्यांच्यावर दाभण आडवं टाकलं आणि त्या दाभणावर पाती तोलली. पात्यांचा कल कमी-जास्त करायच्या ज्या बारीक कड्या असतात, त्या उचकटायला एक जुना चिमटा घासून तयार केला, आणि तो घासला तुमच्या कानशीने. हो, ती कानस अजून आहे माझ्याकडे. तुम्ही गाव सोडून जाताना आमच्या बीबी गावच्या बसथांब्यावर ती वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली होती. "पोरीले बाहुली द्यायची, तं मी कानस देऊन राह्यली," असं म्हणून तुम्ही एकट्याच हसलात. मी हसले नव्हते, मला बस निघायची धास्ती वाटत होती. मूठ आता नवी बसवली आहे, पण पातं तुमचंच.

तुम्ही बीबीच्या शाळेत आलात तेव्हा महाराष्ट्र नुकताच झालेला होता. वर्गातला नकाशा अजून जुन्या राज्याचाच होता आणि नवा येईपर्यंत तुम्ही त्याच्यावर खडूने नवी हद्द काढून ठेवली होती. पोरं भिंतीला पाठ लावून बसत आणि दर दोन दिवसांनी महाराष्ट्र पुसला जाई. तुम्ही मलकापूरच्या, रेल्वेच्या गावच्या. पंचविशीच्या आतबाहेरची एकटी बाई आमच्या गावात खोली घेऊन राहते, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही, आणि संध्याकाळी दार लावून आत काय करते कोण जाणे, यावर विहिरीवर बरंच बोललं जायचं. आम्हाला तुम्ही सूतकताई शिकवायच्या. हाताने फिरवून सूत कातायच्या टकल्या वरून आल्या त्या वाकड्या निघाल्या, तेव्हा तुम्ही आमच्याकडूनच नव्या करवून घेतल्या. फुटक्या पाटीची चकती, मोडक्या छत्रीची काडी. खिळ्याला दोरा बांधून पाटीवर गोल आखायचा, दगडावर घासत घासत कड गोल करायची, शेवटचा हात कानशीचा. माझी पहिली चकती बटाट्यासारखी झाली होती आणि तुम्ही ती वर्गात सगळ्यांना दाखवली होती, ते मी विसरलेले नाही.

तुमची शिकवण मी इतक्या इमानाने पाळली की तिनेच मला गोत्यात आणलं. टकलीची एक बाजू हलकी वाटली की तिथे कच्च्या सुताचा तुकडा खळीने चिकटवायचा, ही तुमची रीत. मी तेच केलं. हलक्या पात्याच्या टोकाला सुताचे वेढे दिले, वरून खळ फासली, आणि उन्हाळाभर पाती पेल्यांवर अशी आडवी राहायची की बघत बसावं. आषाढात यंत्र सुरू केलं तर ते थंडी वाजल्यासारखं थरथरायला लागलं. टेबलावरची बशी चालत कडेला गेली. मी सगळे स्क्रू आवळले, सैल केले, पुन्हा आवळले, भाच्याला फोन करून त्याचंही डोकं खाल्लं. मग एका ओल्या दुपारी उशिरा एवढं आठवलं, की पावसाळ्यात आमच्या सुताच्या गुंड्या जड भरायच्या. एकदा तपासणीला आलेले साहेब त्या जड गुंड्या बघून फार खूश झाले होते, मुलींनी भरपूर सूत कातलं म्हणून, आणि तुम्ही ओठ मिटून खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. कापूस हवेतलं पाणी पितो, हे कापसाच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईला आठवायला अर्धा पावसाळा जावा लागला. सूत सोडवून काढलं, तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला, आणि थरथर गेली. दुसऱ्या कोणत्याही गावच्या माणसाने विमानाला खळ लावली नसती.

राहिला तो डोल, एक पातं वर आणि एक खाली फिरण्याचा. तो काढायची तुमची युक्ती मी अजून कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही, पण भाच्याने फोनवर सांगितलेली रीत हुबेहूब तीच निघाली. तुम्ही टकलीच्या कडेला समोरासमोर दोन ठिपके द्यायच्या, एक कुंकवाचा, एक हळदीचा. टकली वाटीत टेकवून फिरवायची. चकती सरळ बसली असेल तर दोन्ही रंग एका रेघेत मिसळून नारिंगी दिसायचे. तिरकी असेल तर दोन रेघा, लाल वर आणि पिवळी खाली, नाहीतर उलट. हेलिकॉप्टरच्या एका पात्याच्या टोकाला लाल पट्टी लावतात, दुसऱ्याला पिवळी, आणि बाजूने बघतात. दोन रेघा दिसल्या की एका पात्याची कडी अर्धा आटा फिरवायची आणि पुन्हा बघायचं.

कुंकू तुम्ही तुमच्या करंड्यातलं आणायच्या. पितळेचा होता, झाकणावर मोर. माझी बोटं लाल बघून आईने एकदा विचारलं, मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी आई आणखी दोघीतिघींना घेऊन शाळेत आली. मला अजून ते दिसतं. आई दारातच उभी आहे, पदर डोक्यावर, आणि म्हणते आहे, "बाई, राग नका मानू. पण तुमच्या हातचं कुंकू पोरीइच्या बोटाले लागते. उद्या लग्नाच्या पोरी हायेत." तुम्ही हातातली टकली खाली ठेवली नाही. "टकलीले लावते वं माय," तुम्ही म्हणालात, "तिचं कोण्या घरी लगन लावायचं हाये?" कोणीही हसलं नाही. त्यानंतर करंडा शाळेत दिसला नाही. तुम्ही विटेचा भुगा आणलात, तो चिकटेना, मग तांबडी काव कालवून आणली, ती चिकटली. काम काही अडलं नाही, त्यामुळे आम्हा पोरींना त्यात काही गेल्यासारखं वाटलं नाही. तो करंडा तुमच्या लग्नातला असणार आणि त्याचा तेवढाच एक उपयोग तुम्हाला उरला होता, हे मला फार उशिरा कळलं. कळलं तेव्हा मला आईचाही राग आला नाही, नुसतं वाईट वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही.

टकली तपासायला जोडी लागायची. एकीने फिरवायची आणि दुसरीने जमिनीवर हनुवटी टेकवून कड बघायची. "फिरवते तिले आपला डोल दिसत नाही, समोर बसते तिले दिसते," असं तुम्ही म्हणायच्या. मुली आम्ही विषम होतो. चुलत बहिणी, शेजारणी, आपापल्या जोड्या लावून बसत आणि मी उरायची. मी फारशी बोलत नसे आणि माझ्याशी जोडी लावण्यात कोणाला मजा नव्हती, हे मलाही माहीत होतं. तुम्ही एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग पदर खोचून माझ्यासमोर जमिनीवर बसलात. "काऊन वं, रडून राह्यली? मी हाये ना तुही जोडी." तेव्हापासून सूतकताईच्या तासाला माझी टकली तुम्ही बघायच्या आणि तुमची मी. आणि मी कसली बघते? तुमच्याकडेच बघत बसे. एवढ्या जवळून मी कोणाचं तोंड कधी बघितलं नव्हतं. एकदा तुम्ही खरंच चिडलात. "माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यली? कडेकडे पाह्य. तोंडावर काय लिहिलं हाये?" माझे कान तापले. मी कडेकडे बघितलं आणि "दोन आहेत बाई" म्हटलं, तसा तुमचा राग एकदम उतरला. इतकी वर्षं मी धरून चालले होते की तुम्ही माझ्यावर दया केलीत. यंदा पावसाळा सरता सरता, रिकाम्या अंगणात डबा हातात धरून उभी असताना, पहिल्यांदा मनात आलं की जोडी तुम्हालाही नव्हती. सगळ्या गावात तुमच्यासमोर बसणारं माणूस मी एकटीच असेन.

पुढे तुमची बदली झाली. मी नोकरीला लागले आणि फिरत फिरत मलकापूर एक्सचेंजला आले, तेव्हा तिथल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे तुमची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "अहो, त्या तर कधीच गेल्या." कशाने, ते त्यांना नीट माहीत नव्हतं. शेवटी एकट्याच होत्या, एवढं म्हणाल्या. त्या दिवशी मी बोर्डावर बसून दिवसभर लोकांना एकमेकांशी जोडून देत होते, आणि मला कोणाशी काही बोलायचं झालं तर कोणाचा नंबर फिरवू, हे सुचत नव्हतं.

तर आता बघायला माणूस. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. जवळचं दिसतं, पण सुरू यंत्राच्या जवळ जायचं नाही, आणि लांबून मला पात्यांची कड म्हणजे नुसता धुरकट पट्टा. यंत्र मी अंगणातल्या टेबलावर जड दगडी पाट्याला सुतळीने घट्ट बांधून ठेवते, म्हणजे फिरेल पण उडणार नाही. स्वतः जाळीच्या दाराआड उभी राहते. सगळं तयार, आणि सांगणारं कोणी नाही. पेपर टाकणाऱ्याला विचारलं, तो सायकलवरूनच "नंतर" म्हणाला. वीजबिलवाला आवाज ऐकून फाटकातूनच परत गेला. कोपऱ्यावरचे शिंपी आले, पण त्यांनी येऊन याची किंमत किती, सरकारची परवानगी लागते का, आणि या वयात हे कशाला, एवढंच विचारलं. काही आठवडे मी यंत्रावर चादर टाकून ठेवली. कोणाकडे जाऊन "जरा माझ्याकडे येता का" म्हणणं मला किती जड जातं, ते मला त्या आठवड्यांत कळलं. नोकरीत हजार लोकांशी बोलले, पण बोलावलं कोणालाच नव्हतं.

शेवटी पलीकडच्या वहिनींना विचारलं. त्यांचा भाजीचा मळा आहे, मालक आणि मुलगा दिवसभर तिकडे, सूनबाई नोकरीला. इतकी वर्षं आमचं बोलणं पाणी आलं का, गेलं का, एवढ्यावरच होतं. वहिनींचं माहेर चिखलीकडचं, बोलणं तुमच्यासारखं. मी कुंपणाशी जाऊन सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं?" मी म्हटलं, समजायचं काही नाही, बघायचं आहे. "मंग येते. पण माही मेथी निवडायची हाये, ते घेऊन येते." आल्या. जाळीआड पाटावर बसल्या, मांडीवर मेथी. मी अंगठा पुढे केला, पाती घोंगावली.

"एक दिसते का दोन?"

"कायचे दोन?"

"रेघा, वहिनी. कडेला."

"मले तं भिंगरी दिसून राह्यली." मान मेथीत. "थांबा. हाव, हायेत. लाल वरतं हाये, पिवळी खालतं."

मी यंत्र बंद केलं. बाई, मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच चष्मा पुसत बसले. माझ्या एखाद्या वस्तूकडे बघून कोणी मला काही सांगितलं, याला किती काळ झाला होता ते मोजवेना. कडी अर्धा आटा फिरवली. "अजून दोनच." पुन्हा फिरवली. "जवळ आल्या." मेथी संपली म्हणून वहिनी उठल्या आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता न बोलावता आल्या. मळ्यातल्या गोष्टी निघाल्या, सुनेच्या निघाल्या, माझ्या बहिणीच्या निघाल्या. असं करता करता एका संध्याकाळी त्यांनी डोळे बारीक करून म्हटलं, "आता एकच दिसते, संत्र्यावाणी. झालं?"

"झालं."

"मंग सोडा सुतळी. उडवा."

"आज वारा आहे," मी म्हटलं. वहिनींनी वर कडुनिंबाकडे बघितलं. पान हलत नव्हतं. त्यांनी देठं गोळा केली आणि त्या गेल्या. त्या संध्याकाळी मला रेडिओसुद्धा लावावासा वाटला नाही.

पण दुसऱ्या दिवशी त्या आल्याच, आणि बघून म्हणाल्या, "आज पुन्हा दोन हायेत. काल तं बराबर होतं?" मी म्हटलं, थंडीने कड्या आकसतात. "असन," त्या म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दोन होत्या. काल उठताना पदर झटकत म्हणाल्या, "उद्या गवार आणते, ताई. मेथी लवकर होऊन जाते."

हे लिहून झालं की पाकिटाचा प्रश्न येईल, तर पाकीट आणलेलंच नाही. तुमचा पत्ता मला तुम्ही असतानाही कधी माहीत नव्हता. एक मात्र तुम्हाला सांगून टाकते, बाकी कोणाला सांगण्यासारखं नाही. यंत्र केव्हाचंच लागलेलं आहे. थंडीने काही आकसत नाही. रोज दुपारी चहा टाकायच्या आधी मीच ती कडी काढते, अर्धा आटा उलटा फिरवते आणि परत बसवून ठेवते. आजही बसवली आहे, आणि आता पाच वाजत आलेत.